फोटो कापला जाणारच आहे, मग तो तुम्हीच कापा : ४×६, ५×७, ८×१० चं साधं गणित



फोटो प्रिंटिंगच्या व्यवसायावर व्हिडिओ केला की बहुतेक जण एकच विचारतात, सर, प्रिंटर कोणता घेऊ? चार रंगांचा की सहा रंगांचा? प्रश्न चुकीचा नाही. पण गिऱ्हाईक प्रिंट परत घेऊन येतं ते रंगामुळे फार कमी वेळा. ते येतं कारण फोटोतलं काहीतरी कापलं गेलेलं असतं, नाहीतर चेहरा फाटल्यासारखा दिसत असतो. म्हणजे चूक प्रिंटरच्या आधी झालेली असते, साइज ठरवताना.

माझ्याकडून झालेली पहिली मोठी चूक सांगतो. लग्नाची ऑर्डर होती. नवरीकडच्या सगळ्या माणसांचा एक ग्रुप फोटो होता आणि घरच्यांनी बाजारातून ८×१० ची फ्रेम आधीच आणून ठेवली होती. मी कॅमेऱ्यातली फाइल जशीच्या तशी लॅबला दिली आणि वर लिहिलं, '८×१०, १ प्रत'. प्रिंट आली, मी फ्रेममध्ये बसवली आणि घरी नेऊन दिली. नवरीच्या वडिलांनी ती दोन मिनिटं हातात धरली आणि विचारलं, "भाऊ, मामा कुठं गेले?" मामा रांगेत अगदी टोकाला उभे होते. त्यांचा एक हात आणि अर्धा फेटा शिल्लक होता. लग्नात मामाला काय मान असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. लॅबवाल्याची चूक नव्हती. त्याने ८×१० मागितलं म्हणून ८×१० दिलं. काय कापायचं ते मी ठरवलं नाही, म्हणून मशीनने ठरवलं.

कापलं का जातं?

प्रत्येक फोटोला एक आकार असतो, म्हणजे लांबी आणि रुंदीचं प्रमाण. प्रत्येक कागदालाही असतो. दोन्ही जुळले तर काही कापलं जात नाही, जुळले नाहीत तर कुठेतरी कात्री लागणारच.

मोबाईलचा कॅमेरा साधारणपणे ४:३ मध्ये फोटो काढतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे अंदाजे ४००० × ३००० पिक्सेल. डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेरे ३:२ मध्ये काढतात. हे ३:२ जुन्या रीळच्या कॅमेऱ्यातून आलं. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याची फ्रेम ३६ × २४ मिलिमीटरची होती, तेच प्रमाण आजपर्यंत चालू आहे. ४×६ इंचाचा कागद ३:२ च आहे, म्हणून रीळच्या काळात ४×६ मध्ये कोणाचं डोकं कापलं जात नव्हतं. ८×१० मात्र त्याहून जुनं, मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यांच्या काळातलं माप. ते ३:२ शी जुळत नाही आणि मोबाईलच्या ४:३ शीही पूर्ण जुळत नाही.

आता प्रत्यक्ष किती जातं ते बघा. मोबाईलचा आडवा ४:३ फोटो ४×६ वर पूर्ण भरला, तर उंचीतले ३००० पैकी ३३३ पिक्सेल जातात, म्हणजे ११ टक्के. हे वरून आणि खालून जातं. वर फेट्याचा तुरा असतो, खाली पायातल्या जोडव्या. तोच फोटो उभा असेल तर बाजूने कापला जातो, म्हणजे कडेच्या माणसाचा खांदा जातो. कॅमेऱ्याचा ३:२ फोटो ८×१० वर घेतला, तर लांबीचा सहावा भाग जातो. सहावा भाग! रांगेत बारा माणसं असतील तर दोन माणसं गेली समजा. आमचे मामा असेच गेले.

सगळ्यात वाईट अवस्था 'फुल स्क्रीन' मोडची. आजकाल मुलं मोबाईल कॅमेऱ्याचं सेटिंग 'फुल' ठेवतात, कारण स्क्रीन भरून दिसतं. तो फोटो २०:९ च्या आसपास असतो, लांबुडका. ४×६ वर भरायला गेलात तर लांबीतला जवळपास तिसरा भाग कापावा लागतो. शिवाय बऱ्याच मोबाईलमध्ये तो 'फुल' फोटो मुळात ४:३ मधूनच वरखाली कापून बनवलेला असतो. म्हणजे एकदा मोबाईलने कापलं, एकदा तुम्ही कापणार. तुमच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये हे सेटिंग आजच ४:३ करून टाका.

यातून धंद्याची गोष्ट निघते. गिऱ्हाईक मोबाईलचा फोटो घेऊन आलं तर त्याला ६×८ सुचवा. ६×८ बरोबर ४:३ आहे, काहीच कापावं लागत नाही, आणि ४×६ पेक्षा बिलही मोठं होतं. कॅमेऱ्याचा फोटो असेल तर ८×१० ऐवजी ८×१२ सुचवा, मोठा हवा असेल तर १२×१८. ही दोन्ही ३:२ आहेत. ५×७ हे मधलं माप. मोबाईलच्या फोटोतून साधारण ५ टक्के जातं, कॅमेऱ्याच्या फोटोतून ७ टक्क्यांच्या आत. थोडी जागा सोडून काढलेला फोटो असेल तर ५×७ मध्ये सहसा तक्रार येत नाही.

आणि फ्रेम आधीच आणलेली असेल तर? तेव्हा गिऱ्हाइकाला सरळ दाखवायचं. मोबाईलवर त्याच्यासमोर क्रॉप करा आणि विचारा, "काका, एवढं जाईल, चालेल का?" नाही म्हणाले तर पूर्ण फोटो छोटा करून बाजूने पांढरी किंवा काळी पट्टी ठेवायची. पट्टी समान आणि नीट असेल तर ती मुद्दाम केलेल्या बॉर्डरसारखीच दिसते.

लोणार आणि सिंदखेडराजा

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं घेऊ, कारण यात्रा आणि पर्यटनाच्या जागी जागेवर प्रिंट देण्याचं काम करायची इच्छा अनेकांना आहे.

लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहून ते साध्या लेन्समध्ये मावत नाही. लोक मग वाइड करून किंवा पॅनोरमा करून काढतात. पॅनोरमा ४×६ वर मागितला की एकतर अर्धं सरोवर कापावं लागतं, नाहीतर मधे बारीकशी पट्टी आणि वरखाली पांढरा कागद. अशा गिऱ्हाइकाला १२×३६ सारखी लांब प्रिंट लॅबमधून करून देता येते, हॉलमध्ये लावायला ती फार छान दिसते. पण जागेवरच ४×६ द्यायचं असेल तर फोटो काढतानाच ४×६ डोळ्यासमोर ठेवा. कुटुंब एका बाजूला, मागे सरोवराचा एक भाग, डोक्यावर आणि पायाखाली चार बोटं मोकळी जागा. अख्खं सरोवर दाखवायचा हट्ट केलात तर माणसं मुंगीएवढी होतात, आणि पैसे माणसंच देणार असतात.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ते फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये फिरले. कोणी आजही म्हणेल, मला त्या गुलाबी पाण्याची मोठी फ्रेम करून द्या. दोन कारणांनी नाही म्हणायचं. एक, तो फोटो दुसऱ्या कोणाचा तरी आहे, तो छापून विकायचा हक्क तुम्हाला नाही. दोन, दहा ठिकाणांहून फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोत छापण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

सिंदखेडराजात १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला प्रचंड गर्दी असते. लखुजी जाधवांच्या राजवाड्यासमोर प्रत्येकाला फोटो हवा असतो. तिथे वेगळी अडचण येते. राजवाड्याचा दरवाजा उंच, म्हणून फोटो उभा काढावासा वाटतो, पण ग्रुप मोठा, म्हणून आडवा लागतो. आडव्या फोटोत दरवाज्याचा वरचा भाग आधीच जेमतेम बसलेला असतो, आणि ४×६ करताना वरून कात्री लागली की मागे नुसती भिंत उरते. चार पावलं मागे जा. गर्दीत जाता येत नसेल तर ग्रुप दोन ओळींत उभा करा आणि उभा फोटो काढा.

पिक्सेल किती हवेत?

नियम सोपा आहे. हातात धरून बघायच्या प्रिंटला एका इंचात ३०० पिक्सेल असले की उत्तम. ४×६ ला १२०० × १८००. ५×७ ला १५०० × २१००. ८×१० ला २४०० × ३०००. ८×१२ ला २४०० × ३६००. १२×१८ ला ३६०० × ५४०० लागतील, पण ती भिंतीवर लागते, लोक चार फुटांवरून बघतात, त्यामुळे इंचाला १५० पिक्सेल, म्हणजे १८०० × २७०० असले तरी चालून जातं.

इथे एक गैरसमज काढून टाका. फोटोशॉपमध्ये ७२ च्या जागी ३०० लिहिलं की फोटो चांगला होतो, असं कोणीतरी सांगितलेलं असतं. तो आकडा फक्त असलेले पिक्सेल कागदावर किती दाट ठेवायचे ते सांगतो. पिक्सेल वाढत नाहीत. 'रिसॅम्पल'ची टिक चालू ठेवून वाढवले तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं, आणि तो अंदाज चेहऱ्यावर लगेच कळतो.

खरा शत्रू व्हॉट्सअ‍ॅप आहे. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो मोठ्या बाजूने साधारण १६०० पिक्सेलपर्यंत छोटा होऊन येतो. ४×६ ला तो कसाबसा पुरतो, ८×१२ ला नाही. गिऱ्हाइकाला सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. किंवा केबल लावून घ्या, ते सगळ्यात बरं. हे वाक्य छापून दुकानात काउंटरवर लावून ठेवा, दिवसातून दहा वेळा सांगायचा त्रास वाचेल.

तेरवीचा फोटो

ही ऑर्डर छोट्या गावातल्या प्रत्येक स्टुडिओकडे येते आणि हिच्यात चूक करायला जागा नसते. घरात कोणी गेलेलं असतं. मुलगा येतो, मोबाईल पुढे करतो, एखाद्या लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत वडील. "यातून एवढे फक्त बाबा काढून मोठी फ्रेम करून द्या. परवा तेरवी आहे."

आता गणित करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला १६०० × १२०० चा फोटो, त्यात बारा माणसं. एका माणसाचा डोक्यापासून छातीपर्यंतचा भाग कापला तर हातात येतात समजा २५० × ३१० पिक्सेल. त्याची १२×१५ फ्रेम केली तर इंचाला २१ पिक्सेल पडतात. चेहरा म्हणजे चौकोनी ठिपके. 'होऊन जाईल' म्हणून ऑर्डर घेतलीत तर परवा सकाळी त्या घरात काय होईल याचा विचार करा. नवीन फोटो काढायला माणूस नाही.

म्हणून ऑर्डर घेण्याआधी शोध घ्यायचा. मूळ फोटो कोणी काढला होता? त्याच्या मोबाईलमध्ये किंवा गुगल फोटोजमध्ये मूळ फाइल असते का? तोच फोटो मूळ ४००० × ३००० मध्ये मिळाला तर तेवढ्याच भागात ६२५ × ७७५ पिक्सेल येतात, ४×५ इंचाला इंचामागे १५० च्या वर. फरक केवढा आहे बघा. लग्नाच्या फोटोग्राफरकडे कॅमेऱ्यातली फाइल असेल तर आणखी चांगलं. घरी जुना कागदावरचा फोटो आहे का? ४×६ ची जुनी प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केली की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. जुन्या पासबुकावरचा, ओळखपत्रावरचा, शेतीच्या कागदपत्रांत ठेवलेला पासपोर्ट फोटो सापडला तर तोही ६०० वर स्कॅन करा. १२०० करून फायदा नसतो, पुढे फक्त कागदाचे दाणे मोठे होतात. आणि मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, चमक येते आणि आकार तिरपा होतो. स्कॅनर नसेल तर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे असतो.

काहीच मिळालं नाही, तर मोठी फ्रेम मागितली तरी आतला फोटो लहान ठेवा. ८×१० च्या फ्रेममध्ये रुंद पांढरा माउंट आणि मधे लहानसा फोटो. तो सभ्य दिसतो, आणि लांबून चेहरा ओळखू येतो. हे आधी बोलून घ्या, थेट फ्रेम हातात देऊ नका.

एआयने चेहरा साफ करणारी अ‍ॅप आता सगळ्यांकडे आहेत. मीही वापरतो. पण २५० पिक्सेलच्या फोटोवर ती नवा चेहरा बनवतात. कातडी गुळगुळीत होते, डोळे चकचकीत होतात, आणि आई म्हणते, "हे आमचे नाहीत." मूळ आणि साफ केलेला असे दोन्ही शेजारी ठेवून घरच्या माणसाला दाखवल्याशिवाय प्रिंट मारायची नाही. रात्रीचे अकरा वाजले असले तरी दाखवायचं.

कापतानाही एक सवय लावून घ्या. या फोटोला हार पडणार, काचेवर कपाळाच्या जागी गंध लागणार. चेहरा हनुवटीपर्यंत घट्ट कापलात तर हार तोंडावर येतो. छातीचा भाग ठेवा, डोक्यावर जागा ठेवा. शर्ट-पागोट्याचा थोडा भाग दिसला तर तो माणूस त्याच्यासारखा दिसतो.

फॉर्मचे फोटो

रोजचा गल्ला यातूनच येतो. पासपोर्ट साइज म्हणजे ३५ × ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआयवर ४१३ × ५३१ पिक्सेल. ४×६ च्या एका कागदावर असे ८ बसतात, लांबीत ४ आणि रुंदीत २, कापायला थोडी जागाही उरते. शीट प्रिंट करताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के ठेवा. 'फिट टू पेज' चालू राहिलं तर फोटो किंचित लहान होतात, आणि 'बॉर्डरलेस' चालू असेल तर प्रिंटर चित्र थोडं मोठं करून कडा कागदाबाहेर टाकतो. दोन्हीत ३५ मिलिमीटर राहत नाहीत. पहिल्या शीटवर पट्टी ठेवून मोजा.

पॅनच्या फॉर्मवर २५ × ३५ मिलिमीटर लागतो, त्याचं प्रमाण वेगळं. अमेरिकेच्या व्हिसाला २×२ इंच, चौकोनी. आणि नीटच्या अर्जात काही वर्षं पासपोर्टसोबत 'पोस्टकार्ड साइज' म्हणजे ४×६ फोटोही मागितला गेला. तेव्हा मुलांनी पासपोर्टचाच फोटो ताणून ४×६ करून आणला होता. तो ताणायचा नसतो, जागा सोडून काढलेल्या मूळ फोटोतून वेगळा कापायचा असतो. म्हणूनच पासपोर्टसाठी फोटो काढताना नेहमी कमरेपर्यंत आणि दोन्ही बाजूंनी जागा ठेवून काढा. एका क्लिकमधून सगळी मापं निघतात.

ऑनलाइन अर्जात एक चूक तर मी जिथे जातो तिथे बघतो. बँकेच्या परीक्षेच्या, म्हणजे आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी मागतात. आपल्याकडे फोटो असतो ३५ × ४५ चा. अर्ज भरणारा काय करतो, रिसाइजमध्ये २०० आणि २३० टाकतो, प्रमाणाची साखळी काढून टाकतो आणि ओके. ३५:४५ आणि २००:२३० हे प्रमाण वेगळं आहे. चेहरा साधारण १२ टक्के रुंद होतो. सडपातळ पोरगा गोल गरगरीत दिसतो, आणि परीक्षा केंद्रावर फोटो जुळवणारा माणूस त्याच्याकडे संशयाने बघतो. बरोबर पद्धत अशी, आधी क्रॉपमध्ये २००:२३० प्रमाण टाकून उंचीतून थोडं कापा (खालून, छातीकडून), मग रिसाइज करा, शेवटी जेपीजीची क्वालिटी कमीजास्त करून केबी बसवा. क्रम उलटा केला तर गडबड होते. आणि मापं दरवर्षी बदलू शकतात, म्हणून प्रत्येक जाहिरात उघडून वाचायची.

साधनं आणि हिशोब

कॉम्प्युटर नसला तरी सुरुवात होते. मोबाईलवर स्नॅपसीडमध्ये क्रॉपला ३:२, ४:३, ५:४, ७:५ ही प्रमाणं तयार मिळतात. ४×६ साठी ३:२, ५×७ साठी ७:५, ८×१० साठी ५:४, एवढं पाठ करा. सेटिंगमध्ये जाऊन 'रिसाइज करू नका' आणि क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा. कॉम्प्युटरवर गिम्प फुकट आहे आणि पुरेसं आहे. मूळ फाइलवर कधीच सेव्ह करू नका. कापलेली फाइल वेगळ्या नावाने, नावातच साइज आणि प्रती लिहून ठेवा. लॅबला पाठवताना स्पष्ट सांगा की क्रॉप तुमच्याकडून झालेला आहे, तिकडे काही कापायचं नाही. आणि कडेला दोन-तीन मिलिमीटर कोणाचं नाक-कान येणार नाही एवढी जागा सोडा, कारण बॉर्डरलेसमध्ये तेवढं जातंच.

हिशोब असा धरा. समजा एका ८×१२ प्रिंटला तुम्हाला लॅबचे ४० रुपये पडतात आणि तुम्ही ८० घेता. एक प्रिंट परत आली की दुसरी फुकट द्यावी लागते, तिथे नफा शून्य. लॅब दुसऱ्या गावात असेल तर पुन्हा जाण्या-येण्याचा दिवस वेगळा, म्हणजे तोटाच. समोर क्रॉप दाखवायला लागतात दोन मिनिटं. मी आता ऑर्डरच्या वहीत 'क्रॉप दाखवला' असा एक रकाना केला आहे आणि तिथे गिऱ्हाइकाची सही घेतो. पहिल्यांदा लोक हसले.

मामांचा तो फोटो मी पुन्हा ८×१२ मध्ये करून, नवीन फ्रेमसकट, माझ्या खर्चाने नेऊन दिला.

पुढच्या व्हिडिओत ८ पासपोर्टची शीट मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे लाइव्ह करून दाखवतो. तोपर्यंत एक काम करा. तुमच्याच मोबाईलमधले तीन फोटो घ्या, एक ग्रुपचा, एक उभा, एक 'फुल स्क्रीन'वाला. तिन्ही ३:२ मध्ये आणि मग ५:४ मध्ये कापून बघा, आणि कोण कोण बाहेर गेलं ते मोजा.